डोंगरातला पोप

पाद्रीबाबा सदऱ्यांच्या घड्या घालत होते आणि नवलगुरुजी टाक हातात धरून पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. बाहेर टांग्यापाशी हवालदार उभा होता. इटली इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरल्यामुळे इथल्या इटालियनांना नजरकैदेच्या छावणीत नेण्याचा हुकूम आला होता. तळोद्यात असा माणूस एकच.

बावीस वर्षांपूर्वी पाद्रीबाबा इथे आले, तेव्हा त्यांना मराठी गुरुजींनीच शिकवलं. शिकवणं संपलं, तरी रविवारची बैठक सुटली नाही. यंदा दोघांनी पोप सेलेस्टिनचं चरित्र पोरांसाठी मराठीत उतरवायला घेतलं होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा म्हातारा बैरागी पाद्रीबाबांच्याच मुलखातल्या डोंगरात राहायचा. पोप कोणाला करावं यावर दोन वर्षं एकमत होईना, तेव्हा त्यालाच निवडलं आणि मोठमोठी माणसं धापा टाकत त्याच्या गुहेपर्यंत चढली. तो गाढवावर बसून गादीवर बसायला गेला. पाच महिन्यांत भरल्या सभेत त्याने पोपची वस्त्रं उतरवून ठेवली. हे सांगता सांगता पाद्रीबाबा गावाकडच्या, सातपुड्यासारख्याच दिसणाऱ्या डोंगरांवर, बदामाच्या झाडांवर, मेंढरांच्या घंटांवर, आईच्या हातच्या पावावर घसरायचे, आणि गुरुजी टाक खाली ठेवून ऐकत राहायचे.

"मग तो डोंगरावर परत गेला ना?" गुरुजींनी विचारलं.

पाद्रीबाबांनी पेटीचं झाकण लावलं.

"नव्या पोपनं राहू दिलं नाही. लोक त्याच्यामागे जातील, ही भीती. किल्ल्यात ठेवलं. तिथेच वारला."

गुरुजींचा हात थांबला. पोरांसाठीच्या पुस्तकात शेवट थोडा बदलला तर चालेल, असं त्यांनी चाचरत सुचवलं.

"गुरुजी, झालं तेच लिहा."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

बाहेर टांगेवाल्या मुनव्वरने आपल्या शेजारची पुढची जागा झटकून ठेवली होती. हवालदार मागे बसणार होता. पाद्रीबाबा पायरीवर पाय ठेवणार, तोच गुरुजी पुढे झाले.

"त्यासले मांगे बसाड."

मुनव्वर गोंधळला. "मांगे? मोठा माणूस शे, गुरुजी."

"मांगेच."

हवालदारही चमकून पाहू लागला.  पाद्रीबाबा वळून मागच्या बाकावर, घोड्याकडे पाठ करून बसले.

टांगा नंदुरबारच्या वाटेला लागला. पाद्रीबाबांनी हात हलवला नाही. ते गुरुजींच्या पलीकडे पाहत होते. आभाळ निवळलेलं होतं आणि सातपुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता.

गुरुजी हळूच रस्त्यातून बाजूला झाले.