खारबावचे हिरवे ठिपके

"गेला! देव्या, अजून एक गेला!"

मृणाली खुर्चीतून अर्धी उठलीच. सकाळी पडद्यावर खारबावचे ठिपके कसे टपोरे हिरवे दिसत होते. आता त्यातले निम्मे राखाडी. आणि जाण्याची रीत तरी कशी! पंढरीकाकांच्या शेजारचा आधी, मग त्याच्या पलीकडचा, मग समोरचा. कुणीतरी आळीतून चालत चालत एकेक दिवा फुंकत निघावं तसं.

"चालत्या गाडीचं इंजिन उघडू नये, हे मी सांगितलेलं," देवेश वडापाव चावत म्हणाला. हा तिचा चुलतभाऊ, पूर्ण्याच्या गोदामांवर टेम्पो चालवणारा. त्याच्या दृष्टीने जगातली प्रत्येक वस्तू टेम्पोच होती.

"गप रे! घास गिळ आधी."

एकेक ठिपका म्हणजे एकेका घराच्या ओटीच्या भिंतीवरचा डबा. घमेलं हातोहात पुढे जावं तसं हे डबे इंटरनेट एकमेकांकडे देत. खारबावचे सगळे डबे पंढरीकाकांच्या डब्याला जोडलेले, आणि काकांच्या गच्चीवरची सिग्नल पकडणारी मोठी जाळी थेट वळ गावच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून, इंटरनेट येई ते तिथून. ह्या डब्यांच्या डोक्यात भरलेला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, सांभाळायचं काम मृणालीचं. त्यात एक खोड होती. दर दोन-तीन दिवसांनी डबे आपल्या शेजाऱ्यालाच विसरून जात. तिने दिवाळीपासून डोकं शिणवून ती खोड शोधली आणि आज सकाळी सगळ्या डब्यांत दुरुस्त प्रोग्राम चढवला.

आता जर हे बंद पडलं तर संपलंच. मागच्या बैठकीत खारबावकरांनी स्पष्ट बजावलं होतं, पुन्हा बिघडलं तर डबे उतरवून वळला तुमच्या ऑफिसात धाडू. एकटे पंढरीकाका उभे राहिले होते. "पोरगी करतेय ना? एक येळ द्या तिला. न्हाय चाललं तर माजं नाव घ्या."

आणखी एक ठिपका राखाडी झाला.

"जुनं परत टाक ना," देवेश म्हणाला.

तिचं बोट बटणावर गेलंही. पण जुना आणि नवा प्रोग्राम एकमेकांशी बोलत नव्हते. काकांच्या डब्यात जुनं टाकलं की त्याच्या मागचं सगळं खारबाव तुटणार. बोट तिथेच थांबलं. आधी नोंदी बघू, असं म्हणत तिने काकांच्या डब्यातल्या नोंदी उघडल्या. शेजारचे डबे जाण्याआधी काय काय झालं, ते तिथे ओळीने लिहिलेलं असे.

ती वाचत गेली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

"देव्या, हे बिघडलेले नाहीत. डबा बिघडला की आधी अडखळतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. आजारी माणूस कण्हतो ना, तसं. हे तर बोलता बोलता गप्प झालेत. कुणीतरी हाताने बंद केलेत."

"सगळे? म्हणजे ठरवून? बहिष्कार टाकला वाटतं तुझ्यावर!"

तिने काकांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. पडद्यावर खारबावचा एकच ठिपका हिरवा उरला होता. काकांचा.

आता मात्र ती पेटली. "चल, बाईक काढ. माझ्या तोंडावर सांगू दे म्हणावं!"

वाटभर ती काय काय बोलायचं ते घोकत होती. खारबावची आळी आली आणि देवेशने आपोआप गाडी हळू केली. संध्याकाळची वेळ, पण एकाही घरातून टीव्हीचा आवाज नाही. पोरं ओट्यांवर बसलेली, पण खेळत कुणी नव्हतं. तोंडाशीच जानकीबाई दारात बसल्या होत्या. आळीत सगळ्यांत आधी डबा बसवून घेतला तो ह्यांनीच.

"आजी, डबा का बंद केलात?" मृणाली तणतणतच उतरली.

"हळू बोल, बाय." म्हातारीने तिचं मनगट धरलं. "रेडिओ बंद, टीव्ही बंद, मंग तुजा डबापन बंद केला. वाजत न्हाय त्यो, खरं हाय. पन दिवा कसा नाचतो. दुखवट्यात बरं दिसतं का?"

मृणालीने आवाज खाली आणला.

"कोण?"

जानकीबाईंनी आळीच्या आतल्या बाजूला नुसती मान वळवली.

पंढरीकाका ओटीवर चटईवर होते. भिंतीवरच्या डब्याचा दिवा तेवढा लुकलुकत होता. त्याला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं. त्यांची बायको धोंडूकाकी उशाशी, भोवती आळीतल्या बायका बसलेल्या. मृणालीला बघून धोंडूकाकी रडल्या नाहीत.

"बाय, चालला का गं तुजा डबा? दुपारी जेवताना पन त्योच इषय. म्हनं, आज पोरीचं काम हाय, मी नाव दिलंय माजं. हात धुवायला उठला न् तसाच खाली बसला."

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"चालला, काकी," मृणाली म्हणाली. "एकपन चूक नाही निघाली."

धोंडूकाकींनी हलकेच मान डोलावली, आणि काकांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत नीट ओढली.

मृणाली भिंतीपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. दिवा विझला. बायकांनी सरकून तिच्यापुरती जागा केली. बाहेर अंगणात कुणीतरी बांबू तोडायला घेतला होता.