इंजिनिअरसाहेबांनी बसवलेलं कार्ड

चियायी शहराच्या पूर्वेकडच्या त्या वस्तीत फान च्युन-श्योंग यांना सगळे 'इंजिनिअरसाहेब' म्हणत आणि साहेब ते म्हणू देत. टेलिफोन खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, हे खरं होतं. ती बिलाच्या खिडकीमागे गेली, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. खिशाला दोन पेनं आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर लावून ते फिरत. एवढ्या पुराव्यावर वस्तीने त्यांना पदवी देऊन टाकली होती.

समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ज्येष्ठांचा कराओके वर्ग भरे. तिथला कॉम्प्युटर बारा वर्षांचा. गेली दोन वर्षं त्याला एक खोड लागली होती. गाणं पुढे जाई आणि पडद्यावरचे शब्द मागून रखडत येत.

"मी निरोपाचं कडवं म्हणून खाली बसते, तेव्हा हा मला 'ये, सख्या' दाखवतो," लोऊ श्यू-चिन म्हणाल्या. या सत्तरीच्या बाई. मोज्यांच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. वर्गात सगळे त्यांना चिनताई म्हणत.

"ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय," फानसाहेबांनी निदान केलं. "नवीन घाला. चित्र असं पळेल की तुम्हाला दम लागेल."

वस्तीप्रमुख लियाओ तिथेच उभे होते. नोव्हेंबरात निवडणूक असल्यामुळे ते हल्ली सगळीकडेच उभे असत. "मी देतो ना कार्ड!" ते म्हणाले. मग साहेबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण केवढं असतं ते? फोटोत दिसेल ना?"

साहेब स्वतः ताइचुंगला गेले आणि एका गाळ्यातून तीन पंख्यांचं, लाल दिव्यांचं, हातभर लांबीचं कार्ड निवडून आले. "तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक हल्ली येतं कुठे, मास्तर!" असं गाळेवाला म्हणाला होता, आणि तिथेच साहेबांची पारख संपली होती. सोमवारी प्रमुखांनी लाल फीत बांधलेलं कार्ड उलटं धरून फोटो काढला. तो वस्तीच्या पत्रकात छापून पंधराशे घरांत गेला. 'ज्येष्ठांसाठी अत्याधुनिक तंत्रज्ञान', वगैरे. शनिवारी उद्घाटन ठरलं.

मंगळवारी साहेबांनी सगळ्या वर्गासमोर कॉम्प्युटरचं पोट उघडलं, जुनं कार्ड काढलं, नवं दाबून बसवलं आणि बटण दाबलं. पंखे गरगरले, लाल दिवे लागले. पडदा काळाच.

"बरं झालं. आता मागे राहायला शब्दच उरले नाहीत," च्वांग म्हणाला. या च्वांगचं भाजलेल्या बदकांचं दुकान मुलगा चालवायचा, त्यामुळे त्याला दिवसभर दुसऱ्यांना भाजायला वेळ होता.

"पडद्याची वायर मशीनच्या अंगच्या भोकात खुपसलीय, साहेब," चिनताई म्हणाल्या. "कार्डाला नको का लावायला?"

"ती मी मुद्दाम ठेवली होती. तपासणीसाठी." साहेबांनी वायर बदलली. चित्र आलं, पण कसं? अक्षरं टरबुजाएवढी, गायिकेचा चेहरा आडवा पसरून भोपळ्यासारखा.

"घाबरू नका, ड्रायव्हर नाही म्हणून असं दिसतंय," साहेब म्हणाले. "कार्डाची भाषा कॉम्प्युटरला कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणायचं."

"मग बोलवा त्याला. चहा टाकू का?" च्वांगने विचारलं.

साहेबांनी इंटरनेटवर शोध घेतला. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं पान चौथ्या ओळीत होतं. चौथ्या ओळीपर्यंत उतरण्याची साहेबांना सवय नव्हती. पहिल्याच ओळीत एक भलंमोठं हिरवं बटण होतं: 'सर्व ड्रायव्हर एका झटक्यात'. त्यांनी झटका दिला. दहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक तरुणी गुडघ्याला लावायची पट्टी विकू लागली. ती बंद केली की दुसरी येई, केस उगवण्याचं तेल घेऊन. च्वांगने पट्टीचा फोन नंबर तेवढा लिहून घेतला.

मग साहेबांनी एकेक ड्रायव्हर उतरवून बसवायचा सपाटा लावला. जुना काढायचा असतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. एकदा पडद्यावर पाटी आली: 'या ड्रायव्हरशी जुळणारं कार्ड या संगणकात नाही.' कुणी वाचू नये म्हणून साहेबांनी ती झटकन मिटवली आणि मागे वळून म्हणाले, "कार्ड उत्तम आहे. हे मशीनच म्हातारं. म्हाताऱ्यांना नवीन काही झेपत नाही."

खोलीतल्या एकवीस म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बारा वर्षांचं ना ते?" चिनताईंनी शांतपणे विचारलं. "म्हणजे माझ्या नातवाएवढं. आज किती गोष्टी बदलल्यात, साहेब?"

"सात-आठ."

"एकदम?"

"वेळ वाचतो."

"मग बिघाड कशाने झाला, हे कळणार कसं? आम्ही यंत्रावर एका वेळी एकच सुई बदलायचो. बदलली की लिहायचो."

"ताई, हे मोज्यांचं यंत्र नव्हे."

"नाहीच. मोज्यांच्या यंत्राने अशी नाटकं केली असती, तर मालकाने माझीच पाठवणी केली असती."

साहेबांनी उत्तर म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कंपनीची खूण दिसली, मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. साहेबांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, पाहिला, परत ठेवला. "यंत्राला विश्रांती हवी," असं सांगून त्यांनी वर्ग सोडला.

दोन दिवस साहेबांना जेवण गोड लागेना. टर्की-भाताच्या दुकानात मालकाने विचारलं, "शनिवारी चमत्कार दाखवताय म्हणे?" तेव्हा अर्धी वाटी तशीच ठेवून ते उठले. गुरुवारी सकाळी वर्ग नसतो, हे बघून ते चोरपावलांनी समाजमंदिराचा जिना चढले. चिनताई आधीच तिथे बसलेल्या. शेजारी चहाचा थर्मास, पुढ्यात वही, आणि पडदा चालू.

"हा... हा चालू कसा झाला?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"सेफ मोडमध्ये. म्हणजे अगदी लागतं तेवढंच चालू करून. माझ्या फोनवर सगळं दिलंय, चौथ्या ओळीत." त्यांनी खुर्ची सरकवली. "बसा. तुमच्या गुडघेवाल्या पोरी हाकलल्या. तुम्ही घातलेले सगळे ड्रायव्हर काढले. इंटरनेटची वायरही उपसून ठेवलीय, नाहीतर हे मशीन आपल्या मनानेच भलता ड्रायव्हर आणून बसतं. आता हा नंबर वाचा बघू. मला बारीक दिसत नाही."

कार्डाच्या माहितीच्या पानावर आकडे आणि अक्षरं होती. साहेबांनी वाचली. चिनताईंनी वहीतल्या ओळीशी ताडून पाहिली. म्हणजे त्यांना बारीक दिसत होतं.

"हा नंबर तेरा वर्षांपूर्वीच्या कार्डाचा आहे, साहेब. खोक्यावर गेल्या वर्षीचं नाव छापलंय. म्हणून ड्रायव्हर म्हणत होता, जुळणारं कार्ड नाही. खरं तेच बोलत होता बिचारा. तुम्ही त्याचं तोंड मिटवलंत."

साहेबांनी मशीन बंद करून कार्ड काढलं आणि पंख्यांमागचं चकचकीत लेबल नखाने सोललं. खाली दुसरं लेबल, पिवळं पडलेलं. 'मास्तर' हा शब्द त्या गाळेवाल्याच्या आवाजात पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी त्यातलं हसूही ऐकू आलं.

"जुनंच कार्ड परत घाला," चिनताई म्हणाल्या.

घातलं. त्यांनी कंपनीच्या पानावरून त्या कार्डाचा नेमका ड्रायव्हर आणून ठेवला होता. तो एकटाच बसवला, मशीन बंद-चालू केलं, गाणं लावलं. शब्द सुरांबरोबर, पावलाला पाऊल लावून चालू लागले.

"म्हणजे... कार्डात दोष नव्हताच?"

"नव्हता. आधीचा ड्रायव्हरच उडाला होता. कॉम्प्युटर कसाबसा कामचलाऊ दुभाष्यावर दिवस काढत होता." त्यांनी वहीचं पान उलटलं. "उडाल्याची तारीख मशीनमध्येच नोंदलेली सापडली. दोन वर्षांपूर्वी, मार्चची नऊ. त्या दिवशी तुम्ही मशीनची सफाई केली होती."

"मी फक्त नको त्या फायली काढल्या होत्या," साहेब पुटपुटले.

"त्यातली ही हवी होती," चिनताई म्हणाल्या आणि त्यांना चहा ओतून दिला.

साहेबांनी एक धाडस मात्र केलं. दुपारी ते प्रमुखांच्या कचेरीत गेले. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं, तीनदा बदललं. शेवटी टेबलावर ते बनावट कार्ड ठेवून म्हणाले, "प्रमुख, मी फसलो. हे खोटं आहे. जुनंच कार्ड परत बसवलंय."

लियाओंनी आधी दार लावलं. "चालतंय ना गाणं?"

"चालतंय. छान चालतंय."

"मग फसलं कोण? फोटो पंधराशे घरांत गेलाय, साहेब. कार्ड दिलं, हे खरं. गाणं सुधारलं, हेही खरं. मधलं तुम्ही कशाला सांगत बसता?" त्यांनी कार्ड कपाटात सरकवलं. "खोक्याच्या आत काय आहे, ते मतदार उघडून बघतो होय?"

हलक्या मनाने साहेब बाहेर पडले. आपल्याला इतकं हलकं वाटतंय, याची लाज त्यांना कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत वाटली. तेवढ्यात दिवा हिरवा झाला.

शनिवारी खोली भरली. पपनसाच्या फोडी आल्या, शेंगदाणे आले, प्रमुखांनी फीत कापली. पडद्यावर समुद्राचं दृश्य आलं, तेच, जे बारा वर्षं येत होतं.

"बघा!" प्रमुख गरजले. "लाटेचा थेंब न् थेंब मोजून घ्या!"

"खरंच हो," एक आजोबा म्हणाले, "मागे ती नाव दिसतच नव्हती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव पहिल्यापासून तिथेच होती.

मग साहेबांना लाकडी सन्मानचिन्ह मिळालं: 'वस्तीचे तंत्रज्ञान सल्लागार'. त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. साहेबांनी चिनताईंकडे पाहिलं. त्या पपनस सोलत होत्या, वर बघत नव्हत्या. खरं बोलायची ही वेळ होती, हे साहेबांना पुरतं कळत होतं. जीभ उचललीही. पण हातातलं लाकूड छान जड होतं.

"या कामात," ते म्हणाले, "चिनताईंचीही मोलाची मदत झाली. त्यांनी मला वेळोवेळी... चहा दिला."

चिनताईंनी फोड तोंडात टाकली, हात पुसले आणि उठून माइक हातात घेतला.

"पहिल्या गाण्याचा मान साहेबांचा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं साहेब सांगत होते, मी ठेक्यात गातो, मशीन मागे पडतं. आता मशीन वेळेवर आहे. म्हणा."

नाही म्हणायला जागाच नव्हती. साहेबांनी सन्मानचिन्ह खुर्चीवर ठेवलं, माइक घेतला. सूर वाजले. शब्द ठरल्या क्षणी उजळले आणि विझले. साहेब त्यांच्यामागून निघाले, पहिल्या कडव्यात दोन शब्दांनी मागे, दुसऱ्यात पाच. गाणं संपलं, वाद्यं थांबली, तरी साहेबांची एक ओळ उरलीच होती. ती त्यांनी शांततेत, एकट्याने, पूर्ण म्हटली.

टाळ्या पडायला थोडा वेळ लागला.

"यांचा ड्रायव्हर कुठल्या ओळीत सापडेल, ताई?" च्वांगने विचारलं. खोली अशी हसली की प्रमुखही हसले, नेमकं कशाला ते न कळता.

फानसाहेब खाली बसले. चिनताईंनी पपनसाची ताटली त्यांच्यापुढे केली. त्यांनी एक फोड घेतली आणि खालमानेने विचारलं, "ताई, ती वही एक दिवस बघायला मिळेल का?"

"मिळेल," त्या म्हणाल्या. "पण स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून या."