लिफ्ट नसलेलं शहर

मुलगा घर सोडून गेला तेव्हा त्याचा जुना फोन मागे राहिला. त्यातल्या गेममध्ये, शहरातल्या सर्वांत उंच इमारतीच्या गच्चीवर, त्याने सोडलेला सुपरहिरो तसाच उभा होता.

वडील लिफ्टमिस्त्री. "गेममध्ये उड्या मारून पोट भरतं का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पोरगा बॅग भरून निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

मिस्त्री रोज गेम उघडायचे, गच्चीवर तो आहे ना ते पाहायचे आणि बंद करायचे. बोट लावायची हिंमत नव्हती. फोनची बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचललं गेलं होतं. दुकानदाराने सांगून टाकलं होतं, "काका, हा गेम आता नव्या फोनवर चालत नाही. हा फोन गेला की तो पण गेला."

आज गेम उघडून मिस्त्री चष्मा शोधत होते, तेवढ्यात बायकोने फोनची काच पुसली. सुपरहिरोने उडी घेतली.

"पाडलंस त्याला!"

"पडलाय कुठे? रस्त्यावर उभा आहे. तुमच्यापेक्षा ताठ."

गेमनेही ही नवी जागा आपण होऊन नोंदवून टाकली. आता कितीही वेळा उघडा, तो रस्त्यावरच.

मिस्त्री कामाला लागले. इमारतीचं पुढचं दार उघडेना, मागचं तर नुसतं रंगवलेलं. शेजारच्या इमारतींचीही तीच कथा. तेवढ्यात समोरची बँक दोनदा लुटली गेली. मिस्त्रींनी लक्ष दिलं नाही, ते काम आपलं नव्हे.

"एवढे मजले आणि लिफ्ट नाही? परवानगी दिली कोणी यांना?"

"त्याला विचारा की."

"कोणाला?"

"आता नाव घ्यायलाही मीच लागते का?"

मिस्त्रींनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. बराच वेळ वाजला.

"हं," पलीकडून आवाज आला.

"लिफ्ट कुठे आहे?"

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा... तुम्ही तो गेम खेळताय?"

"खेळत नाही. तू ठेवला होतास तिथे त्याला परत न्यायचाय."

"भिंतीला चिकटवा. वरचा बाण दाबून धरा."

मिस्त्रींनी बाण दाबला. सुपरहिरो सरसर चढू लागला. अर्ध्यावर गेला आणि काच काळी झाली. फोन हातात तापला होता. बायकोने चार्जर लावून पाहिला, मग काढून ठेवला.

"पोचला का?" मुलाने विचारलं.

मिस्त्रींनी काळ्या काचेकडे पाहिलं.

"चढतोय," ते म्हणाले. "उंच आहे जरा. तू फोन ठेवू नकोस."