काकांचा धूर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या थंडीत प्रल्हादकाकांचे गुडघे इतके कुरकुरायला लागले, की त्यांची मुलगी प्रीता त्यांना लिनबाई नावाच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेली. बाईंनी नाडी पाहिली आणि एका वाळक्या पाल्याच्या, सिगारसारख्या जाड कांड्या दिल्या. वास थेट दवण्याचा.

"पेटवून गुडघ्याजवळ धरा, ऊब आत जाईल," त्या म्हणाल्या. "पण घरात नाही हं. धूर फार होतो."

बाहेर बर्फ होता. प्रीता ऑफिसला गेल्यावर काकांनी बाथरूममध्येच कांडी पेटवली. गुडघा असा सुखावला, की त्यांनी दुसऱ्या गुडघ्यासाठी आणखी एक पेटवली. तेवढ्यात अलार्म किंचाळला आणि थोड्याच वेळात फायर ब्रिगेडची गाडी दारात आली.

फोनवर अलर्ट बघून प्रीता धापा टाकत घरी पोचली. गॅरेजचं दार सताड उघडं होतं. आत एक धिप्पाड फायरमन पँट गुडघ्यावर दुमडून, डोळे मिटून खुर्चीत बसला होता आणि काका त्याच्या गुडघ्याजवळ कांडी धरून उभे होते.

"बाबा! आर यू ओके?"

"मला काय धाड भरलीये? शिड्या चढून चढून याचा गुडघा गेलाय बघ."

"डोन्ट स्टॉप, सर," फायरमन पुटपुटला.

बाहेर त्याचे दोन साथीदार, आधी नंबर कोणाचा, यावरून हुज्जत घालत होते. प्रीतानं कपाळाला हात लावला आणि ती सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.