हेर क्लाइनरची दोरी

"अहो, एकच तर आहे ती. उसवलीत आणि परत जमली नाही म्हणजे?" देवश्रीनं विचारलं.

"उसवल्याशिवाय आतलं कळणार कसं?" हरीश म्हणाला. सगळा जन्म गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून बघण्यात गेलेल्या माणसाकडून दुसरं काय उत्तर येणार? टेबलावर पुरुषभर लांबीची तपकिरी रेशमी दोरी होती आणि त्याच्या हातात सुई.

दोरी शेजारच्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइनरांची. गळाला खोटी माशी बांधायची आणि ती खरी वाटावी अशी पाण्यावर उतरवायची, हा नाद त्यांनीच हरीशला लावला. हरीश मासे खात नाही आणि जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय ते धरताही येत नाहीत. म्हणून दोघं नेकारसुल्म गावाबाहेरच्या कुरणात माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून फेकत बसायचे. लोक थांबून बघायचे. हरीशची लोकर कायम धपकन पडायची. मग एकदा क्लाइनरांनी स्वतः वळलेली ही दोरी त्याच्या जाड दोरीपुढे जोडली आणि लोकर गवतावर अलगद टेकली.

"जोर तू लावू नकोस, हिला नेऊ दे," ते म्हणाले. कशी वळली विचारलं, तर म्हणाले, "आल्झो, बरं तर, हिवाळ्यात ये, दाखवतो."

हिवाळा आला तेव्हा ते वृद्धाश्रमात होते आणि हरीशचं नाव विसरले होते. हरीशला ते फार लागलं. निदान त्यांच्या हातातली ही एक गोष्ट तरी आपल्या हातात उतरावी, एवढंच त्याला वाटत होतं.

सुईनं टोक सुटलं. आत दोन पदर, दोन्हींना एकाच बाजूचा पीळ, पण एकमेकांत गुंफलेले उलट बाजूनं. मागे धागे जास्त, पुढे कमी कमी होत गेलेले.

देवश्रीनं वाकून पाहिलं. "हा तर करगोटा झाला की. आमची आत्या पायाच्या अंगठ्याला अडकवून वळायची. पीळ देऊन दोन्ही टोकं जोडली की आपसूक वळतो."

मग रविवारभर ती टोक धरून उभी आणि हा पीळ द्यायला ड्रिल मशीन घेऊन. एक दोरी गुंतली, एक फारच ताठ झाली. संध्याकाळी कुरणात नेलेली मात्र जमली. लोकर टेकली तेव्हा गवताचं पातंही हललं नाही. हरीशला ती कधी एकदा क्लाइनरांना दाखवतो असं झालं.

वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेल्या क्लाइनरांनी ती बोटांतून सावकाश ओढली, जाड टोकापासून बारीक टोकापर्यंत.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते पुटपुटले. मग त्यांनी संशयानं वर पाहिलं. "ही मी वळलेली आहे. तुम्हाला कुठे मिळाली?"

पूर्वी ते त्याला 'तू' म्हणायचे. खरं काय ते हरीशच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"कुरणात सापडली," तो म्हणाला. "तुमचीच आहे."

क्लाइनरांनी दोरी नीट गुंडाळून स्वेटरच्या खिशात ठेवली.

"हिवाळ्यात या," ते म्हणाले. "कशी वळायची ते दाखवतो."

"हो, येतो," हरीश म्हणाला.