किल्लीवाल्याच्या घरातलं कपाट

"अहो, उघडा ना! पोराचा जीव गुदमरतोय आत!"

बायको कपाटावर मुठी आपटत होती आणि किल्लीवाला थिजून उभा होता. गेल्याच आठवड्यात त्यांचा एकुलता एक मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. बाई धीराची, असं लोक म्हणाले. यानेही मान डोलावली होती.

जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच औषध, कुलूप उघडणं. कपाटात कुणी नाही हे दिसलं की हिचं खूळ जाईल, असं धरून त्याने तारेचा आकडा फिरवला. आत मुलाचे शर्ट होते. ते बाजूला सारून तिने याच्याकडे रोखून पाहिलं.

"हलवलंत ना त्याला दुसरीकडे? तुम्हीपण त्याला कोंडणाऱ्यांतलेच!"

त्याने तिला तडक इस्पितळात नेलं.

"असं आधी कधी झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कधीच नाही हो! अख्ख्या गल्लीला शहाणपण शिकवणारी बाई ती."

ताप, डोक्याला मार, दारू, गोळ्या, झोप, सगळं खोदूनखोदून विचारून झालं. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. कशातच काही सापडलं नाही.

"जबर धक्क्याने मन कधीकधी असं अचानक बिथरतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक माणसं यातून पूर्ण बाहेर येतात. गोळी मात्र चुकवायची नाही."

"बरी झाली की तिला कळेल? पोराचं?"

"कळणारच."

संध्याकाळी घरी गोळी हातात घेऊन तो दारातच घुटमळला. बायको कपाटाला कान लावून लाडाने रागवत होती, "किती लपशील? जेवायला ये बघू." अख्ख्या जगात पोरगा आता तेवढ्या एकाच ठिकाणी जिवंत होता, आणि तिथूनही त्याला घालवायचं काम बापाच्या हातात आलं होतं. गोळी खिशात टाकावी असं त्याला फार वाटलं. तरी त्याने ती दिली. रोज दिली.

मग एका सकाळी ती अंथरुणात नुसतीच बसून राहिली.

"अहो, आपला पोरगा गेला ना?"

लोकांना तो आजवर 'अपघात झाला' एवढंच सांगत आला होता. पुढचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

"गेला गं," तो म्हणाला.

तिने असा हंबरडा फोडला, की शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली.

"अगं बाई! पुन्हा सुरू झालं का वहिनींचं?"

"नाही," बायकोला घट्ट धरून तो म्हणाला. "बरी झाली ती."