सवाष्णीचे केस

मंगळागौरीचं जागरण दिवसाउजेडी करणारं घर अख्ख्या डोंबिवलीत एकच असेल, आणि ते आमचं. वहिनींच्या मैत्रिणी सगळ्या दादर-ठाण्याच्या. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. म्हणून दुपारी पुरणपोळ्या हाणायच्या आणि आंबलेल्या अंगानं लगेच फुगड्या घालायच्या. जागरण म्हणे! जळलं मेलं ते जागरण, निम्म्या तर बसल्या जागी पेंगत होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बापूची बायको. मी थोरली बहीण. नहाण यायच्या आधीच विधवा झाले, माहेरी परत आले, ती तिथलीच झाले. अंगावर लाल आलवण आणि डोईला पदर, पदराखाली गुळगुळीत डोकं. पंधरवड्याला महिपत न्हावी मागच्या अंगणात येतो आणि हातावर थुंकी लावावी इतक्या सहज माझं डोकं भादरून जातो. असलं तोंड सवाष्णींच्या पूजेत दिसायला नको, म्हणून त्या दिवशी मला स्वयंपाकघरात बसवलं होतं. पुरण मात्र मी वाटलेलं चाललं हो देवीला!

त्याच वर्षी पहिलं मतदान झालं होतं. देशाचा कारभार कुणी करावा हे सरकारनं मला विचारलं, बोटाला शाई लावली. घरात मात्र माझं मत कुणी विचारत नसे. तरी मी सकाळी बजावलं होतं, "बापू, माजघराच्या कोपऱ्यातलं जातं बाहेर काढा. पोरी तिथे नाचणार आहेत. आणि ती शहाबादी फरशी तीर्थानं नि तेलानं निसरडी झालीय, ती पुसून घ्या."

बापू वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "आक्का, जातं हलवायला आता माणूस कुठून आणू?"

वहिनींनी तोडगा काढला. त्या जात्यावर हिरवा खण अंथरला आणि वर गुलाबदाणी ठेवली. दगड दिसेनासा झाला म्हणजे दगड राहिला नाही, अशी आमच्याकडची समजूत.

पूजा होती मधूच्या बायकोची. मधू माझा भाचा, बापूचा मुलगा, सेक्रेटरिएटात कारकून, आईच्या शब्दाबाहेर नाही. बायको हेमा, अलिबागेकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोठ्या केसांची पोर. वेणी सोडली की बसायच्या पाटाला लागायची. ते केस बघून वहिनींनी तिला पसंत केली होती, आणि आल्यागेल्याला पाठमोरी उभी करून दाखवायच्या. त्या घरात माझ्याजवळ येऊन बसणारी ती एकटी. त्या दुपारीही पूजा आटपल्यावर आत आली आणि विचारलं, "आत्याबाई, तुम्ही घालायच्यात फुगडी?"

"घालायची तर. माझ्यापुढे कुणी टिकत नसे," मी म्हटलं. "पण मंगळागौर एकच वाट्याला आली. पुढच्या श्रावणाच्या आत सगळं संपलं."

ती माझा हात धरून नुसती बसली. तेवढ्यात नंदा, मधूची बहीण, "वहिनी, चला!" म्हणून तिला ओढून घेऊन गेली.

नंदा अंगानं दांडगी. हात घामेजलेले, वर अत्तर चोळलेलं. फुगडीला वेग आला, बायका टाळ्या पिटायला लागल्या, "अजून, अजून!" मी दारातून ओरडले, "नंदे, पुरे! हात सुटतील!" माझा आवाज कोण ऐकतो? हात सुटले. नंदा बायकांच्या अंगावर पडली. हेमाचा पाय फरशीवरून सरकला आणि ती कोपऱ्यात जाऊन आपटली. कानाच्या वरची बाजू जात्याच्या कडेवर. गुलाबदाणी खाली पडून फुटली, आणि वहिनी आधी ओरडल्या त्या गुलाबदाणीसाठी.

पोर क्षणभर निपचित पडली होती. मग डोळे उघडले, उठून बसली, हसलीसुद्धा. लगेच सगळ्यांची वैद्यकी सुरू. एकीनं चिमूटभर साखर चारली, दुसरीनं डोक्यावर फुंकर घातली. "रक्त नाही ना? मग काही नाही." "टेंगूळसुद्धा नाही बाई, नशीब!" रक्त बाहेर दिसलं नाही म्हणजे आतही नसणार, असं ठरवून त्या बायका गाडीला पळाल्या. नारळ मात्र आठवणीनं घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेमाचं डोकं ठणकत होतं. "दमलीय," वहिनी म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत भडाभडा ओकली. परत आडवी झाली, ती उठेना. हाक मारली की 'हं' म्हणायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

आणि आमच्या घरात काय झालं असेल? आनंदीआनंद! नवी नवरी ओकली, तिला झोप आवरत नाही, अन्नाचा वास नको झालाय. वहिनींचा चेहरा दिव्यासारखा उजळला. बापू स्वतः स्टेशनवर जाऊन पेढे घेऊन आला. शेजारीपाजारी वाटून झाले. नंदा बाळाची नावं काढत बसली. मधू तर असा लाजत होता की त्यालाच डोहाळे लागलेत असं वाटावं.

मी कपाळावर हात मारला. अहो, ज्या घरात सुनेला कावळा शिवला की पाणक्यापर्यंत सगळ्यांना खबर लागते, त्या घरची ही अक्कल! पूजा खरं तर आदल्या मंगळवारी व्हायची होती. का झाली नाही? सूनबाई बाजूला बसली होती म्हणून. वहिनींनी स्वतः पोस्टकार्डं टाकून मैत्रिणींना कळवलं होतं. तिचं ताट वेगळं, तिचं घोंगडं वेगळं, तिची सावली नको, एवढं सगळं पाळलं. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच म्हणे दिवस राहिले!

मी वहिनींना हेच सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा डबा पदराखाली घेतला, माझी दृष्ट लागेल म्हणून.

"वन्सं, शुभ बोलायला कधी शिकणार तुम्ही? तुम्हाला नाही कधी दिवस गेले, तुम्हाला काय कळणार यातलं?"

बोलल्या. लागलं मला, नाही कशाला म्हणू? पण रडत बसायला वेळ नव्हता.

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट. मधूला नि बापूला सुट्टी. मी हेमाला पाणी पाजायला गेले. तांब्या पुढे केला तर ती म्हणाली, "ही वेणी नको मला." उजवा हात उचलायला गेली, तो निम्म्यातूनच खाली पडला. मी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. एका डोळ्याची बाहुली नेहमीएवढी आणि दुसऱ्याची वाढून हा एवढा काळा ठिपका. मी किंचाळलेच. वहिनी येऊन बघून म्हणाल्या, "गरोदरपणी डोळ्यांत तेज येतंच." आता ह्या बाईला काय म्हणावं?

"मधू, डॉक्टरांना बोलाव," मी म्हटलं.

मधूनं आईकडे पाहिलं. आईनं बापूकडे. बापू म्हणाला, "आज झेंडावंदन आहे, डॉक्टर कुठले भेटायला? उद्या बघू."

मग मी पायात काही न घालता तशीच निघाले. सणाच्या सकाळी भादरलेली बाई रस्त्यात आडवी आली म्हणून दोन गृहस्थ टोप्या सावरत माघारी वळले. वळा मेल्यांनो, म्हटलं, घरी जाऊन बसा. शाळेच्या पटांगणात झेंडा नुकताच वर गेला होता. डॉक्टर सबनीस पहिल्या रांगेत, पांढरी टोपी घालून. मी सगळ्या मंडळींमधून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. माणसं बाजूला सरकली, विटाळ नको म्हणून. बरं झालं, वाट मोकळी मिळाली.

"सून पडली, डोकं आपटलं. कालपासून ओकतेय, उठत नाही, बोलताना शब्द चुकतायत, उजवा हात चालत नाही, डोळ्याच्या बाहुल्या लहानमोठ्या झाल्यात," एका दमात सांगितलं.

डॉक्टरांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि माझ्या पुढे पळाले.

तपासायला त्यांना वेळ लागला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "कवटीच्या आत रक्त साचतंय, मेंदू दाबला जातोय. पडल्यावर ओकारी, गुंगी, हे दिसलं त्याच दिवशी मला बोलवायला हवं होतं. पेढे कसले वाटत होतात? आत्ताच्या आत्ता मुंबईला न्यायची. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत, त्यांची मोटर आणायला येतानाच माणूस धाडलाय. तिथे डोकं भादरतील, कवटीला भोक पाडून रक्त काढतील. नवऱ्याची संमती लागेल. चला."

कवटीला भोक पाडणार हे सगळ्यांनी ऐकून घेतलं. वहिनी हादरल्या त्या वेगळ्याच शब्दानं.

"भादरणार? माझा मुलगा धडधाकट समोर उभा असताना त्याच्या बायकोचं डोकं भादरणार? सवाष्णीचे केस काढायचे? डॉक्टर, माझ्या मुलाच्या जिवावर उठलात का?"

"बाई, ती संध्याकाळ बघायची नाही."

"कल्याणच्या वैद्यबुवांचा लेप लावून बघू," बापू पुटपुटला. "निदान केस न काढता होतंय का, विचारा हो. सगळे नाही, थोडेसे..."

डॉक्टर हात चोळत राहिले. बाहेर मोटरचा भोंगा वाजला. मधू कोपऱ्यात उभा राहून फरशीकडे बघत होता. आत पोर घोरत होती, झोपेतलं घोरणं नव्हे ते, घशातून येणारं, ऐकवत नाही असं. आणि ही माणसं केसांचा घोळ घालीत बसली होती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मधूपुढे गेले आणि डोईवरचा पदर काढला. पुरुषांसमोर, परक्या डॉक्टरांसमोर. उभ्या जन्मात काढला नव्हता.

"वन्सं!" वहिनी किंचाळल्या.

"गप्प बसा तुम्ही. मधू, वर बघ. ठेव हात ह्या डोक्यावर. ठेव! हे भादरलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माझा नवरा आधी मेला, केस नंतर गेले. केस काढून कुणाचा नवरा मरत नाही रे. आणि केस राखले असते म्हणून माझा परत आला नसता. माझे काढून कुणाचं काय भलं झालं? कुणाचं नाही. हिचे काढले तर ही जगेल. पहिल्यांदा ह्या घरात बाईचं डोकं भादरून काही कामाचं होतंय, तर तुम्हाला शकुन आठवतायत?"

मधूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी मी ह्याला मांडीवर थोपटून झोपवलंय, पण माझ्या डोक्याला त्यानं कधी हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता, महिपतखेरीज. तो हुंदका देऊन रडायला लागला. मग आत गेला, बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि आईच्या समोरून मोटरीत नेऊन ठेवलं.

वाचली. गणपती होऊन गेल्यावर घरी आली. उजव्या हातात जोर कमी, भाकरी थापताना कडेला जाड होते. अधूनमधून एखादा शब्द सापडत नाही, मग थांबते आणि हसते. डोक्याला फडकं बांधलेलं. मधूला साधं पडसंही झालं नाही.

आणि वहिनी? सुधारल्या असतील असं वाटलं असेल तुम्हाला! त्यांनी हेमाला हळदीकुंकवात यायची बंदी केली. "केस येईपर्यंत माणसांत नको, बघणाऱ्याला बरं दिसत नाही." तिचा पाट मागच्या दाराशी, माझ्याशेजारी आला. जातं अजून माजघरातच होतं, वर नवा खण घातलेला. हेमानं मधूला सांगून ते पहिल्याच रविवारी अंगणात ढकलायला लावलं. मधू घामाघूम झाला, पण ढकललं. माणूस मिळाला म्हणायचा अखेर.

दुसऱ्या दिवशी महिपत धोकटी घेऊन मागच्या अंगणात आला. मी सवयीनं पाटावर बसले, पदर मागे घेतला, मान खाली घातली. त्यानं वस्तरा पाजळला. तेवढ्यात माझ्या डोक्यावर एक हात आला. उजवा, जोर नसलेला. हेमा.

"महिपतकाका, परत जा," ती म्हणाली. पुढचा शब्द तिला सापडेना. ती थांबली, ओठ हलवत राहिली. मग दुसऱ्या हातानं स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडलं आणि नखभर वाढलेले काळे केस दाखवत म्हणाली, "माझे येतायत. आत्याबाईंचेही येऊ देत."

आतून वहिनी ओरडल्या, "लोक काय म्हणतील!"

महिपतनं माझ्याकडे पाहिलं. मी साठीची बाई, तोंडाची एवढी फटकळ, आणि लहान पोरीसारखा हेमाचा हात धरून बसले. महिपतला मानेनंच 'जा' म्हटलं. त्यानं वस्तरा मिटला.

आता हाताला लागतात. पांढरे आहेत, खरखरीत आहेत, पण माझे आहेत.